मराठवाड्यातल्या कोरड्या डोंगरवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याच्या डोंगररांगेतले आणि बालाघाटातले गड, लेणी, घाट पायी पाहायला येणारी मंडळी आता बरीच वाढली आहेत. निघण्याआधी ती फोनवर जे विचारतात, ते आणि त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. यातलं बरंचसं फिरून फिरून पाण्यावर येईल. या डोंगरात कुठवर जायचं हे पाठीवर किती पाणी आहे यावरच ठरतं, म्हणून ते तसं झालं आहे.

मराठवाडा काही वाळवंट नाही. मग एवढी काळजी कशाला?

वाळवंट नाही, हे बरोबर. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश आहे. वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत पडून मोकळा होणारा. फेब्रुवारी उलटला की ओढे आटतात, सालई, धावडा, पळस यांची पानं गळतात आणि डोंगरावर सावली उरत नाही. मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, काळा कातळ त्याहून तापतो आणि दुपारी हात टेकवत नाही. मार्च ते जूनच्या पावसापर्यंत इथे वाळवंटातल्या डोंगराचेच नियम पाळावे लागतात.

फसवणूक उंचीमुळे होते. गड पायथ्यापासून दोनशे-तीनशे मीटर उंच. राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्यांना तो किरकोळ वाटतो. एक बाटली घेऊन अकरा वाजता चढायला लागतात आणि बारा वाजता अर्ध्या वाटेत बसलेले असतात.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. थंडी चांगली पडते, पहाटेची स्वेटर लागतेच. परभणीत तर एखाद्या वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत आलात तर परतीच्या वाटेवर हुरड्याचं शेत गाठता येतं, हा वेगळा फायदा.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, धबधबे सुरू होतात, गर्दीही तेव्हाच होते. मात्र शेवाळलेले कातळटप्पे आणि गवतात बुडालेल्या वाटा यांची तयारी हवी. ऑक्टोबरला लोक हलकं घेतात. पाऊस थांबलेला असतो, ऊन मात्र चटका देतं आणि हवेत दमटपणा असतो. मार्चनंतर यायचंच असेल तर उजाडायच्या आत चालायला लागा आणि साडेनऊ-दहाच्या आत खाली या. हे जमणार नसेल तर तो बेत पुढच्या हिवाळ्यावर टाका.

पाणी नेमकं किती घ्यायचं?

हिवाळ्यात अर्ध्या दिवसाच्या वाटेला माणशी ३ लिटर. मार्चनंतर ५ लिटर. पाच लिटर म्हणजे पाठीवर पाच किलो, हे ऐकून लोक कचरतात. ओझं जड वाटत असेल तर वाट छोटी करा, पाणी कमी करू नका.

चालताना तहानेची वाट बघू नये. उन्हात चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट करून पोटात जात राहिलं पाहिजे. एकदम लिटरभर ढोसून उपयोग होत नाही. उलटा धोकाही लक्षात ठेवा: घामावाटे मीठ जातं आणि वरून नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. म्हणून निम्मं पाणी साधं आणि निम्मं मीठ-साखरेचं ठेवावं. मेडिकलमधलं ओआरएस मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. लिंबू पिळलं तर चव येते. पिण्याचा अंदाज लघवीच्या रंगावरून घ्यावा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

आणखी एक नियम आम्ही गटात कडक पाळतो. निम्मं पाणी संपलं की जिथे असू तिथून मागे वळायचं. गडाचा दरवाजा समोर दिसत असला तरी वळायचं.

आधी उतार आणि मग चढ अशा वाटा आहेत का?

आहेत, आणि त्याच जास्त फसव्या. अजिंठ्याच्या रांगेची ठेवण अशी की मराठवाड्याचं पठार उत्तरेकडे एकदम तुटतं आणि खाली खानदेश लागतो. गड आणि लेणी या तुटलेल्या कडेला आहेत. सोयगाव, बनोटीकडून म्हणजे खालून आलात तर सरळ चढ. पठारावरून आलात तर उलटं. पितळखोऱ्याच्या लेण्यांना गाडी वर लागते आणि पायऱ्यांनी दरीत उतरायचं असतं. अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांकडे उतरणारी वाटही तशीच. सकाळी ताजेतवाने असताना मजेत उतरता येतं आणि खरा चढ भर दुपारी, पाणी संपत आल्यावर समोर येतो. लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूर नदीच्या घळीत वारा नसतो, कड्यांना आदळलेलं ऊन अंगावर येतं. अशा वाटेवर दोन तृतीयांश पाणी परतीच्या चढासाठी राखा.

गडावरच्या टाक्यांत पाणी असतं ना? ते पिता येतं का?

टाक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे डोंगर समजून घ्यायची किल्ली तीच आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर, भाकरीच्या चवडीसारखे. कठीण थरातून पाणी झिरपत नाही. ते भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून वाट काढतं. गड बांधणाऱ्यांना आणि लेणी खोदणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पाऊस धरून ठेवणारा अखंड कातळ आणि झिरपा देणारा सांधा हेरून त्यांनी टाकी खोदली. बनोटीजवळच्या नायगावचा सुतोंडा किल्ला यासाठी मुद्दाम पाहा. वर माणसाची वस्ती नाही, तटबंदी ढासळली आहे, पण पाण्याची टाकी एकामागून एक लागत राहतात. काही उघडी, काही आत खांब सोडून कोरलेली. खांबटाक्याच्या तोंडाशी वाकून हात आत घातला की बाहेरच्या उन्हात आणि आतल्या गारव्यात किती अंतर आहे ते कळतं. छत असल्याने ऊन लागत नाही, बाष्पीभवन कमी होतं आणि शेजारचं उघडं टाकं कोरडं पडलं तरी यात पाणी टिकतं. आत उतरू नका आणि पाय धुवू नका. गुराखी तेच पाणी पितात आणि उन्हाळ्यात वन्य प्राण्यांनाही त्याचाच आधार असतो.

पिण्याचं म्हणाल तर टाक्यातल्या पाण्यावर भरवसा ठेवून निघू नका. कुठल्या वर्षी कुठलं टाकं कधी आटेल याचा नेम नाही. अडचणीत प्यावंच लागलं तर फडक्याने गाळून घ्या आणि खळखळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. हिरवट तवंग, उग्र वास किंवा मेलेला प्राणी दिसला तर ते टाकं सोडून द्या.

पायथ्याच्या गावात बाटल्या भरून घेतल्या तर?

हिवाळ्यात विचारून घ्या, कोणी नाही म्हणणार नाही. पाहुण्याला पाण्याचा तांब्या पुढे करणं ही इथली रीतच आहे. पण मार्चनंतर यातल्या कित्येक गावांना टँकरने पाणी येतं. टँकर आला की बायका-पोरं हंडे, घागरी, ड्रम घेऊन पळतात. त्या हंड्यातलं पाणी मावशी तुम्हाला देतीलही, कारण नाही म्हणणं त्यांना जमत नाही. वीस जणांच्या गटाने प्रत्येकी दोन बाटल्या भरल्या तर चाळीस लिटर झाले, आणि तेवढ्यात एका घराचं दिवसभराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी भागतं. मला हे फार लागतं. शहरातून येताना गाडीत वीस लिटरचे जार टाका, परत आल्यावर हातपाय धुवायलाही तेच वापरा. उरलं तर गावात देऊन जा.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का?

खिशातल्या कांद्याने शरीर थंड होत नाही. कांदा भाकरीबरोबर खा. डोकं झाकणं, पाणी, मीठ आणि सावलीत वेळेवर थांबणं, एवढ्यानेच ऊन आवरतं.

ऊन लागलंय हे ओळखायचं कसं, आणि मग करायचं काय?

पहिली पायरी थकव्याची. खूप घाम, चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ. माणूस बोलतो नीट, पण चिडचिडा होतो किंवा गप्प होतो. गटातला बडबड्या माणूस गप्प झाला की मी आधी त्याच्याकडे बघतो. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, दस्ती ओली करून मानेवर ठेवा, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्याने वर जायचं नाही, कोणाबरोबर तरी खाली उतरायचं.

दुसरी पायरी उष्माघाताची, आणि तिथे जिवाशी गाठ असते. अंग तव्यासारखं तापतं, आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. घाम थांबलेला असेलच असं नाही. चालता चालता ऊन लागलेल्याला घाम येत असू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. बोलणं बिघडलं हीच खरी खूण धरा. अशा वेळी जवळ असेल नसेल ते सगळं पाणी त्याच्या अंगावर ओता, कपडे सैल करा, टोपीने, सतरंजीने वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग होत नाही. १०८ ला फोन लावा, पण अंग गार करण्याचं काम थांबवू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत तेच चालू ठेवायचं.

पहिल्यांदा येतोय. कुठून सुरुवात करू?

देवगिरी, म्हणजे दौलताबाद. छत्रपती संभाजीनगरपासून १५ किलोमीटरच्या आसपास. पायऱ्या बांधलेल्या आहेत, वाट चुकायचा प्रश्न नाही आणि उन्हात आपलं शरीर कसं वागतं ते इथे कळतं. कातळ तासून उभा केलेला कडा, खंदक, मग अंधारी, म्हणजे कातळातून वर जाणारी काळोखी वाट. अंधारीत वटवाघळांचा वास असतो आणि पायऱ्या उंच-सखल आहेत, म्हणून मोबाईलच्या उजेडापेक्षा हातात बॅटरी असलेली बरी. दिल्लीहून राजधानी इथे हलवणारा मुहम्मद तुघलक सगळ्यांना माहीत असतो. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता, हे कमी जणांना ठाऊक असतं. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडे शिकायला राहिले ते याच गडावर. वरच्या बारादरी महालापर्यंत जाऊन उतरायला दोन-तीन तास धरा आणि दार उघडताच चढायला लागा.

दुसरा टप्पा सोयगावजवळचा वेताळवाडी किल्ला. हळद्याच्या घाटातून जाताना तटबंदी आणि बुरुज नजरेत भरतात. या रांगेत इतकी शाबूत तटबंदी फार कमी ठिकाणी आहे. जोडीला जवळची रुद्रेश्वर लेणी. तिथून पुढे जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी. लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, त्याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातही आहे. एकाच माणसाचं नाव दोन डोंगरांत कोरलेलं बघितलं की मधली वाट त्या काळी किती वाहती असेल याचा अंदाज येतो. अंतूर आणि सुतोंडा हे किल्ले तिसऱ्या टप्प्यावर ठेवा, गावातला माणूस बरोबर घेऊन.

बालाघाटाकडे डोंगर बुटके आहेत, चालणं निवांत. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा आणि नायगावचं मयूर अभयारण्य, धारूरचा किल्ला, येडशीचं रामलिंग. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हीच बाजू धरा.

कपडे आणि बूट कसले?

पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, फिक्या रंगाचा. कडा असलेली टोपी, किंवा सरळ डोक्याला उपरणं गुंडाळा. रानात काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. जीन्स नको. बूट खोल खाचांच्या तळव्याचे, कारण उतरताना मुरमाचा घसारा लागतो आणि गुळगुळीत तळवा तिथे टिकत नाही. हातात काठी असू द्या.

लोकरी किंवा जाळीदार मोजे नकोत, आणि याचं कारण कुसळी गवत. दिवाळीनंतर माळावर ते वाळून तांबूस होतं. एक कुसळ हातावर घेऊन बघा: पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव आणि मागे लांब, पीळ घातलेली शेपटी. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि कुसळ स्वतःभोवती फिरत आत घुसतं. मातीत बी पेरायची ही त्याची रीत, पण घामाने ओल्या मोज्यातही ते तसंच घुसतं आणि लव मागे वळलेली असल्याने बाहेर ओढलं तर अडकतं. घट्ट विणीची पँट आणि त्यावरून घोट्याला बांधलेली पट्टी किंवा गेटर, हा चांगला उपाय.

वाट चुकू नये म्हणून काय करावं?

कोरड्या डोंगरावर ढोरवाटांचं जाळं असतं आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. ढोरवाट चाऱ्याकडे किंवा पाणवठ्याकडे जाते, गडाच्या दरवाजाकडे जाईलच असं नाही. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्या, घळीत रेंज जाते. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघा, परतताना डोंगर तसा दिसणार आहे.

गुराख्याला विचारताना "किती लांब आहे?" असं विचारलं की "हे काय, इथंच" असं उत्तर मिळतं, कारण त्यांच्या पायाला ते खरंच इथंच असतं. "मामा, शेळ्या घेऊन निघालात तर वर पोचायला किती टाइम लागतो?" असं विचारा, आणि त्याच्या दीडपट वेळ धरा. "सध्या पाणी कुठं हाय?" हेही विचारून ठेवा. गावातल्या पोराला वाटाड्या म्हणून नेलंत तर त्याची दिवसभराची मजुरी आधी ठरवा आणि हातात द्या.

साप, अस्वल, बिबट्या यांची भीती कितपत?

बिबट्या बहुधा दिसतच नाही. अजिंठा-गौताळ्याच्या जंगलात अस्वलं आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला घळीतून जाताना बोलत चला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. समोर आलंच तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका.

सापांत या खडकाळ रानात फुरसं जास्त लक्षात ठेवा. छोटं, मातीच्या रंगाचं, डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. दंश झाला तर चिरू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो अवयव न हलवता माणसाला उचलून न्या आणि थेट सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

माझ्या मते सगळ्यांत जास्त सांभाळायला हवं ते आग्या मोहोळाला. लेण्यांच्या कपाळावर आणि कड्यांना ही पोळी लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं आणि ड्रोन उडवणं यातलं काहीही करू नका. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळा. टाक्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

वळवाच्या पावसात अडकलो तर?

एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतर ढग दाटतात आणि मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं, जनावरं जातात. वीज चमकणं आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर माथा, बुरुज, झेंड्याचा खांब आणि एकटं झाड ताबडतोब सोडा. खाली पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. ते जमत नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून सखल जागी उकिडवे बसा. ओढ्याच्या पात्रात मात्र थांबू नका, वर पाऊस झाला की कोरडा ओढा बघता बघता भरतो.

वर चूल पेटवून जेवण करता येईल का?

नको. फेब्रुवारीपासून पुढे सगळं गवत वाळलेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहेच. त्याशिवाय गावाचा वर्षाचा चारा जळतो. बिडी-सिगारेटही खालीच संपवून या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी, लिंबू बांधून आणा. दशमी दोन दिवस टिकते आणि उन्हातही घशाखाली उतरते. दहीभात दुपारपर्यंत आंबतो, तो टाळा. वणवा दिसला तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

परवानगी लागते का? मुक्काम करता येतो का?

पितळखोरा, अंतूर ही ठिकाणं गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात आहेत. नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं आणि सूर्यास्ताच्या आत बाहेर पडावं लागतं. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. देवगिरीवर मुक्कामाला परवानगी नाही. इतर गडांवर राहण्यापेक्षा पायथ्याच्या गावात शाळेचा व्हरांडा किंवा देवळाची ओसरी सरपंचांना, पुजाऱ्यांना विचारून मिळवा. बनोटीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. रात्री तिथे टेकलात तर पहाटे चारला उठून, उजाडेपर्यंत सुतोंड्याच्या पायथ्याला पोचता येतं. निघताना गावात कोणाला तरी किती जण वर जातोय आणि कधी परतणार ते सांगून ठेवा, आणि उतरल्यावर त्यांना भेटूनच गाडी काढा.